जॅक प्लेट बदलल्यावर बोट मंदावली : नवा प्रॉप घेण्याआधी हे तपासा

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी एकत्र मांडतो, कारण उत्तराचा बराचसा भाग त्यांच्यातच आहे. वीस फुटी फायबरग्लासची बास बोट (मासेमारीची वेगवान बोट), मागे २२५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, बाहेरून लावलेली मोटर), गिअर रेशो १.७५ (प्रॉपच्या एका फेऱ्याला मोटरचे १.७५ फेरे), प्रॉप म्हणजे पंखा २४ पिचचा (न घसरता एका फेऱ्यात चोवीस इंच पुढे जाणारा). जॅक प्लेट म्हणजे ट्रान्सम आणि मोटर यांच्या मधला, मोटर वरखाली करता येणारा आधार; ती मोटरला जितकं मागे ठेवते तो सेटबॅक. सहा इंच सेटबॅकची, बोल्ट ढिले करून हाताने वरखाली करायची जॅक प्लेट काढून तुम्ही दहा इंचांची हायड्रॉलिक प्लेट बसवलीत. आधी पूर्ण थ्रॉटलला ५,७५० आरपीएम आणि जीपीएसवर ताशी ६८ मैल मिळायचे. आता ५,४०० आरपीएम आणि ६३.५ मैल. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दाब १७ पीएसआयवरून २४ वर गेलाय. प्लेनवर यायला, म्हणजे पाण्यातून उठून पृष्ठभागावर सरकायला, जास्त वेळ लागतो आणि वेग चाळिशीत असताना बोटीचं नाक खालीवर आपटत राहतं. मोटर बसवणाऱ्याने सांगितलं की प्रॉप जुळत नाही, २२ पिचचा घ्या. तुम्ही विचारताय की २२ पिचचा कोणता घ्यावा.

माझं म्हणणं, सध्या कोणताच घेऊ नका. प्रॉपचा दोष असता तर आकडे वेगळे दिसले असते.

हे कशावरून म्हणतो ते सांगतो. प्रॉप पाण्यात किती घसरतो, म्हणजे स्लिप किती, हे घरी बसून काढता येतं. आरपीएमला पिचने गुणायचं आणि गिअर रेशो गुणिले १,०५६ या संख्येने भागायचं. उत्तर येतं ते प्रॉप अजिबात न घसरता मिळाला असता असा वेग, ताशी मैलांत. (१,०५६ कुठून आला, तर मैलातले ५,२८० फूट, त्यांचे इंच करायला गुणिले १२, तासाची मिनिटं करायला भागिले ६०.) तुमचे जुने आकडे घातले की ७४.७ मैल येतात. प्रत्यक्षात ६८ मिळत होते, म्हणजे स्लिप साधारण ९ टक्के. नवे आकडे घातले की ७०.१ येतात, प्रत्यक्षात ६३.५, म्हणजे स्लिप साडेनऊ टक्क्यांच्या आत. चांगल्या बसवलेल्या बास बोटीवर मी आठ ते बारा टक्के स्लिप बघत आलोय. तेव्हा तुमचा प्रॉप आजही पाणी तितकंच घट्ट धरतोय.

प्रॉप हवा ओढत असता तर उलटं दिसलं असतं. समजा मोटर ५,९०० ला फिरतेय आणि वेग ६४ वर अडकलाय, तर स्लिप साडेसोळा टक्क्यांवर जाते. आरपीएम वर, वेग खाली, हे हवा ओढण्याचं लक्षण. तुमच्याकडे दोन्ही एकत्र खाली आलेत. त्याचा अर्थ दोनातला एक, किंवा दोन्ही : मोटर पूर्ण ताकद देत नाही, नाहीतर तिच्यावर ओढ वाढली आहे. मला तुमच्या बाबतीत दोन्ही वाटतात.

२२ पिचचा प्रॉप लावलात तर काय होईल? पिच एक इंचाने कमी केली की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतात, म्हणजे टॅकोमीटर पुन्हा ५,७५० च्या आसपास दिसेल आणि सगळ्यांना वाटेल जमलं. पण त्या आरपीएमला २२ पिचचा प्रॉप नऊ टक्के स्लिप धरून ६२ च्या जरा पुढे जाईल. म्हणजे आत्तापेक्षाही मैलभर कमी. शिवाय पुढे कधीतरी मूळ दोष सापडून दुरुस्त झाला, की हीच मोटर त्या प्रॉपवर रेव्ह लिमिटरला (आरपीएम ठरावीक मर्यादेवर रोखणाऱ्या यंत्रणेला) जाऊन धडकेल. कमी पिचने दोष झाकला जातो आणि मग तो शोधणं आणखी कठीण होतं, म्हणून मी इतक्या आग्रहाने सांगतोय.

सुरुवात थ्रॉटलपासून करा, कारण ती तपासणी दहा मिनिटांची आहे आणि बोट पाण्यात टाकावी लागत नाही. तुमची मोटर चार इंच मागे गेली. तिच्याबरोबर थ्रॉटलची केबल, गिअरची केबल, पेट्रोलचा पाइप, स्टिअरिंगचे पाइप, बॅटरीच्या वायरी, सगळं चार इंच मागे ओढलं गेलं. हायड्रॉलिक प्लेट खालून वर जाते तेव्हा त्यांचा बाक आणखी बदलतो. जुन्या प्लेटवर जो ढिलावा होता तो तेवढ्यासाठीच ठेवलेला असतो.

चावी बंद, किल स्विचची दोरी काढलेली, मोटरचं वरचं झाकण उघडं. एकाने मागे उभं राहून प्रॉप हाताने हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने लिव्हर गिअरमध्ये टाकायची. प्रॉप न फिरवता गिअर जबरदस्तीने टाकू नका. गिअर पडला की प्रॉपवरचा हात काढा आणि लिव्हर अगदी शेवटपर्यंत पुढे ढकला. आता थ्रॉटलचा दांडा आपल्या शेवटच्या स्टॉपला टेकतोय का ते डोळ्यांनी बघा. टेकला नाही, तर तुम्ही ज्याला पूर्ण थ्रॉटल समजताय तो पूर्ण नाहीच. हीच तपासणी प्लेट पूर्ण खाली, पूर्ण वर, स्टिअरिंग डावीकडे आणि उजवीकडे अशा सगळ्या स्थितींत करा. काही वेळा मोटर सरळ असताना दांडा टेकतो आणि प्लेट वर नेली की बोटभर मागे राहतो. तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर केबलचा प्रश्न नाही. तिथे डिस्प्लेवर थ्रॉटल किती टक्के उघडलाय ते बघायचं आणि वायरिंगचे जोड ताणले गेलेत का ते तपासायचं.

हे मी आधी का सांगतो त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बोटीवर मी बारा इंचांची प्लेट बसवली होती. मोटर ५,२०० च्या वर जाईना. मालक आणि मी मिळून दोन शनिवार-रविवार तीन प्रॉप बदलले, उंची पाच वेळा बदलली, वहीची चार पानं भरली. शेवटी झाकण उघडून एकाला लिव्हर ढकलायला सांगितलं, तर दांडा स्टॉपपासून अंगठ्याच्या रुंदीइतका लांब थांबत होता. केबल ट्रान्समच्या आतल्या कोपऱ्यात काटकोनात वाकली होती आणि हालचालीचा बराच भाग त्या वळणातच मुरत होता. दोन फूट लांब केबल टाकली आणि पहिल्याच फेरीत सगळे आरपीएम परत आले. त्या मालकाचे दोन आठवडे मी वाया घालवले याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून प्लेट बसवली की बोट पाण्यात जाण्याआधी दांडा स्टॉपला टेकतोय हे बघितल्याशिवाय मी ती सोडत नाही.

केबल ताणलेली आढळली तर तिच्या टोकाचा बॅरल फिरवून वेळ मारून नेऊ नका. तसं केलं की वरच्या टोकाला मिळतं ते आयडलला गमावता, आणि मोटर आयडलवर नीट उतरत नाही. लांब केबल टाकणं हाच उपाय.

मग पेट्रोल. पाइप चार इंच ओढला गेला की तो बहुतेक वेळा ट्रान्सममधून बाहेर पडतो त्या जागी दबतो. आयडलला आणि मध्यम वेगाला पेट्रोल पुरतं, वरच्या टोकाला कमी पडतं. ओळखायची जुनी रीत अशी : मोकळ्या पाण्यात, दुसरा माणूस बोट चालवत असताना, पूर्ण थ्रॉटलला तुम्ही आत नीट बसून प्राइमर बल्ब (पेट्रोलच्या पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबत राहायचं. आरपीएम वर आले तर मोटरला पेट्रोल पुरत नाहीये. बल्ब चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर अडथळा टाकी आणि बल्ब यांच्या मध्ये आहे. बल्ब आत बसून हाताला येत नसेल तर हा प्रयोग करूच नका. त्यासाठी चालत्या बोटीवरून मागे वाकू नये. त्याऐवजी पाइपला व्हॅक्यूम गेज लावून घ्या.

थ्रॉटल आणि पेट्रोल दोन्ही ठीक निघाले, तर उंचीकडे या. खरं तर ते ठीक नसले तरी उंची मोजावीच लागेल, कारण तुमचा २४ पीएसआय दाब मला सांगतो की मोटर खोल बसली आहे. आरपीएम आणि वेग कमी झाल्यावर दाब थोडा उतरायला हवा होता. तो सात पीएसआयने चढलाय. दाब वाढण्याला मोटरच्या आतल्या अडथळ्यासारखी दुसरीही कारणं असतात, पण प्लेट बदलली त्याच दिवशी तो चढला असेल तर आधी खोलीवरच संशय घ्यावा.

मोटर खोल कशी गेली? एक कारण पाण्याचं आहे. बोट प्लेनवर असताना तळाखालून सुटलेलं पाणी ट्रान्समच्या मागे हळूहळू वर चढतं. मोटर जितकी मागे, तितकं तिच्याजवळचं पाणी उंच. माझा अंदाज असा असतो की आठ-दहा इंच मागे गेलं की एक इंच उचलावं लागतं. तुमच्या चार इंचांना साधारण अर्धा इंच. हा आकडा प्रत्येक तळाला बदलतो, त्यामुळे तो फक्त सुरुवातीसाठी. दुसरं कारण जास्त मोठं असू शकतं. नव्या प्लेटची भोकं जुन्या प्लेटसारखीच असतील असं नाही, आणि हायड्रॉलिक प्लेटच्या गेजवरचा शून्य म्हणजे फक्त तिचा स्वतःचा तळ. ‘आधी तिसऱ्या भोकावर होती, आताही तिसऱ्यावर ठेवली’ या हिशेबाला काही अर्थ उरत नाही.

म्हणून प्रॉप शाफ्ट पॅडच्या किती खाली आहे ते मोजा. पॅड म्हणजे तळाच्या मध्यभागी मागे असलेली ती अरुंद सपाट पट्टी, जिच्यावर बोट वेगात असताना तरंगते. बोट ट्रेलरवर, सपाट जमिनीवर. पॅडला लेव्हल लावून बोट पुढेमागे समतल करा. मोटर अशी ट्रिम करा, म्हणजे आत-बाहेर कलवा, की प्रॉपच्या वरची आडवी प्लेट पॅडला समांतर येईल. मग पॅडच्या मागच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या, प्रॉप शाफ्टच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं घ्या, आणि वजा करा. हे तीन वेळा मोजा, कारण पाव इंचाचीही चूक इथे महाग पडते.

तुमच्यासारख्या बोटीवर मी साडेतीन इंचांपासून सुरू करतो. बऱ्याच बोटी तीनच्या आसपास खूश असतात, काही वेगवान तळ अडीचपर्यंत जातात. तुमचं माप साडेचार किंवा पाच निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. साडेतीन इंचांवर प्लेट असताना तिच्या हलणाऱ्या आणि स्थिर भागावर एकेक चिकटपट्टी लावून खूण करा. गेजचा आकडा काहीही असो, इथून पुढे ती खूण तुमचा शून्य.

एक गोष्ट स्पष्ट करतो. फक्त उंचीमुळे साडेतीनशे आरपीएम गेलेत असं मला वाटत नाही. एक इंच खोल गेलेली मोटर माझ्या वहीत पन्नास ते शंभर आरपीएम खाते. उरलेले कुठेतरी दुसरीकडे गेलेत, म्हणून थ्रॉटल आणि पेट्रोलवर इतका वेळ घालवला.

मग पाण्यात. टाकीत दर वेळी तेवढंच पेट्रोल, माणसं तीच, सामान त्याच जागी, लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकी) रिकामा. शंभर लिटरचा लाइव्हवेल भरला की शंभर किलो वजन बोटीवर चढतं; ते विसरून दोन दिवसांचे आकडे पडताळण्यात अर्थ नाही. हलकी लहर असलेलं पाणी निवडा, आरशासारखं नको. दोन्ही दिशांना पळवून सरासरी काढा. वेग जीपीएसचाच घ्या. गिअरकेसच्या (मोटरच्या पाण्यातल्या खालच्या भागाच्या) भोकातून दाब घेणारा वेगमापक मोटरची उंची बदलली की वेगळाच आकडा दाखवू शकतो. खुणेपासून सुरू करून एका वेळी पाव इंच वर. दर टप्प्याला आरपीएम, वेग आणि दाब लिहा, आणि तिथल्या तिथे स्लिप काढा.

आरपीएम आणि वेग दोन्ही वाढताहेत तोवर वर जात राहा. आरपीएम वाढले पण वेग तिथेच राहिला, की शेवटचा पाव इंच मागे घ्या. दाबावर मात्र सतत नजर हवी. या आकाराच्या मोटरवर पूर्ण थ्रॉटलला १५ च्या वर दाब असेल तर मी निश्चिंत असतो. १२ च्या खाली मी वर जाणं थांबवतो, आणि १० च्या खाली एक क्षणही थ्रॉटल धरत नाही. तुमच्या मोटरच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. गिअरकेसच्या बाजूला पाण्याची भोकं असलेल्या मोटरला मर्यादा लवकर येते. नाकाखालून पाणी घेणाऱ्या गिअरकेसला आणखी वर जाता येतं.

आता नाक आपटण्याकडे वळू. याचं खापर सगळे सेटबॅकवर फोडतात, पण हिशेब करून बघा. मोटर साधारण २३० किलोची धरली आणि ती दहा सेंटिमीटर मागे गेली, तर परिणाम तेवीस किलो वजन एक मीटर मागे सरकवल्याइतका. हायड्रॉलिक प्लेट जुन्यापेक्षा वीस किलोने जड असेल आणि बोटीच्या वजनाच्या मध्यापासून दोन मीटर मागे लटकत असेल, तर तिचा परिणाम चाळीस किलो एक मीटर सरकवल्याइतका. म्हणजे प्लेटचं जादा वजनच सेटबॅकपेक्षा जास्त त्रास देतंय. मागच्या कप्प्यातली तीस किलोची एक बॅटरी दोन मीटर पुढे नेली तर त्या त्रेसष्टपैकी साठची भरपाई होते. माझे वजनाचे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे घालून बघा. पण बॅटरी हलवायला प्रॉपइतका खर्च येत नाही. मात्र तिची वायर तेवढी लांब आणि पुरेशी जाड हवी, आणि ती नव्या जागी नीट बांधलेली हवी.

दुसरं, तुमचं ट्रिम आता पूर्वीचं राहिलं नाही. प्रॉप मागे गेल्यावर त्याच कोनाला तो नाक जास्त जोराने उचलतो. हात जुन्या सवयीने तेवढंच बटण दाबतो आणि चाळीस मैलांना बोट उड्या मारायला लागते. त्या वेगाला ट्रिम पूर्वीपेक्षा आत ठेवून बघा. अनेकदा तेवढ्यावरच थांबतं. मोटर काढली-बसवली तेव्हा ट्रिमचा सेन्सर हलला असेल तर गेजही चुकीचं सांगत असेल, म्हणून एकदा मोटर पूर्ण आत घेऊन गेज तळाला येतो का बघा.

प्लेनवर यायला लागणारा वेळ आत्ता मोजूच नका. थ्रॉटल पूर्ण उघडत नसेल तर तो वाईट असणारच. थ्रॉटल दुरुस्त झाल्यावर प्लेट खाली, ट्रिम पूर्ण आत, अशी सुरुवात करा आणि बोट प्लेनवर आली की प्लेट खुणेपर्यंत वर घ्या. हायड्रॉलिक प्लेटचा खरा फायदा हाच आहे, आणि बरेच जण ती एका जागी ठेवून चालवतात. त्यानंतरही बोट जड वाटली तर प्रॉपच्या हबवरची (पाती जिला लागलेली असतात त्या मधल्या नळीवरची) वेंटची भोकं बघा. त्यांतून धूर पात्यांकडे जातो, प्रॉप सुरुवातीला हलका फिरतो आणि मोटर लवकर आरपीएम घेते. बुचं बदलून मोठं भोक करून बघा.

स्टिअरिंगचे पाइप प्लेट बदलताना सोडले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सोडले असतील तर त्यात हवा राहिली असण्याची शक्यता आहे. चाक किंचित फिरवून मोटर लगेच हलते का, की आधी थोडं पोकळ जातं, ते बघा. पोकळ जात असेल तर हवा काढल्याशिवाय वेगाची चाचणी करू नका. उंच बसलेली मोटर चाकाला बाजूला जास्त ओढते, आणि साठच्या वर बोट पॅडवर डावी-उजवीकडे डोलायला लागली तर ढिलं स्टिअरिंग ते डोलणं वाढवतं. डोलणं सुरू झालंच तर थ्रॉटल झटकन सोडू नका, थोडंथोडं उतरवा. चाचणीला किल स्विचची दोरी अंगाला आणि लाइफ जॅकेट अंगात हवंच. पहिल्या फेरीनंतर प्लेटचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि ट्रान्समवर बोल्टांभोवती नवी तडा दिसते का ते बघा. दहा इंच मागे लटकणारी मोटर त्या भिंतीवर सहा इंचांपेक्षा जास्त भार टाकते.

प्रॉपचा प्रश्न यानंतर. थ्रॉटल स्टॉपला टेकतोय, पेट्रोल मोकळं आहे, शाफ्ट तीन ते साडेतीन इंचांवर आहे, आणि तरीही मोटर कंपनीने दिलेल्या आरपीएम पट्ट्याच्या तळाशी रेंगाळत असेल, तर २३ पिचचा प्रॉप कुणाकडून तरी एका दिवसासाठी मागून बघा. मला उलटं होईल असं वाटतं. योग्य उंचीवर तुमचा आत्ताचाच २४ पिचचा प्रॉप ५,८०० च्या पुढे जाईल आणि मग २५ पिचचा विचार करता येईल. तोवर पॅडखालचं माप, दांडा टेकतो की नाही, आणि पाव-पाव इंचाचे आरपीएम, वेग, दाब एवढं लिहून पाठवा. ते आकडे समोर असले की प्रॉप कोणता, यावर नीट बोलता येईल.